जिनसेंगच्या नावाखाली स्टेरॉइड

केमो चालू असलेल्या माणसाला कुणी दिलेल्या पुडीने दोन-तीन दिवसांत तरतरी आली, तर ती पुडी लगेच डॉक्टरांना दाखवा. असं का म्हणतोय, ते आमच्या घरी जे घडलं त्यावरून कळेल.

माझी ताई सिंगापूरला असते. स्तनाच्या कॅन्सरची केमो सुरू होती आणि थकव्याने तिला पार आडवं केलं होतं. हा थकवा झोप काढून जात नाही. आंघोळ करून आली की तिला पुन्हा पडावं लागायचं. ते बघवेना, म्हणून ओळखीतल्या एका बाईंनी चिनी औषधं देणारा एक माणूस सुचवला. त्याने घरी येऊन नाडी पाहिली, जीभ पाहिली, 'ची (चिनी वैद्यकीतली जीवनशक्ती) आणि रक्त दोन्ही कमी पडलंय' असं सांगितलं आणि पुडीची एक बरणी दिली. आत जिनसेंग आणि हुआंगची या ताकदीसाठी दिल्या जाणाऱ्या मुळ्या आणि कॉर्डिसेप्स, म्हणजे आपल्या उत्तराखंडातली कीडाजडी, असं नुसतं तोंडी. बरणीवर लेबल नाही, पावतीही नाही. किंमत साडेचारशे सिंगापूर डॉलर.

दोन-तीन दिवसांतच ताई ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटायला लागली. भूक परत आली. फोनवर सांगताना भाऊजींचा आवाज भरून आला होता.

बरणी संपली तशी ती कोसळली, पहिल्यापेक्षाही वाईट. तो माणूस म्हणाला, "बघा, औषध थांबलं की काय होतं!" आणि दुसरी बरणी जास्त पैसे घेऊन दिली. खरा डाव हाच होता. औषध सुटल्यावर होणारा त्रास त्याने औषधाच्या गुणाचा पुरावा म्हणून विकला, आणि तोही मरणाशी झुंजणाऱ्या बाईला. याचा संताप अजून जात नाही.

पुढे रात्रीची झोप उडाली, गाल फुगले, कधी नव्हे ती रक्तातली साखर चढली. साखरेचा आकडा बघून कॅन्सरच्या डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही घेताय का?" पुडी तपासणीला गेली. निघालं डेक्सामेथासोन. हे स्टेरॉइड ताईच्या केमोच्या कागदांवर आधीच होतं, उलट्या होऊ नयेत म्हणून मोजून दिलेलं. वर ही पुडी, किती मात्रेची कोण जाणे.

स्टेरॉइडने उसनी ताकद येते, पण ते तापही झाकतं. केमोत पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप हीच जंतुसंसर्गाच्या धोक्याची घंटा असते. शिवाय बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतं. ते एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. ताईचं म्हणूनच हळूहळू उतरवावं लागलं.

सगळी चिनी वैद्यकी खोटी, असं मी म्हणत नाही. अमेरिकन जिनसेंगची एक चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यात कॅन्सरच्या रुग्णांना रोज २००० मिलिग्रॅम दिलं होतं. चार आठवड्यांनी थकव्यात ठळक फरक नव्हता, आठ आठवड्यांनी दिसला. खऱ्या मुळीची चाल ही अशी. ताई-ची, चिगाँग हे संथ हालचालींचे चिनी व्यायामप्रकार आणि झेपेल तेवढा व्यायाम तर कॅन्सरचे डॉक्टरही सुचवतात. पण थकव्यामागचं कारण कळायला आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप आणि मनाची उदासी तपासून घ्यावी लागते. ताईचं हिमोग्लोबिन बरंच उतरलेलं निघालं.

सिंगापुरात चिनी वैद्यांची सरकारी नोंदणी असते आणि नाव ऑनलाइन शोधता येतं. हा माणूस त्या यादीत नव्हता. आम्ही तिथल्या आरोग्य खात्याकडे तक्रार दिली. त्याचा फोन आता बंद आहे, पैसे गेले.

तुमच्या घरात अशी बरणी असेल तर ती स्वतःहून एकदम बंद करू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. आणि उरलेली पुडी फेकू नका, तपासणीला तीच लागते.