अमेरिकेत ट्रक शिकायचा तर कम्युनिटी कॉलेज की कंपनीची शाळा?

ग्रीन कार्डावर अमेरिकेत आलात, वयाची २१ वर्षं उलटली आहेत (त्याआधी राज्याबाहेर माल नेता येत नाही) आणि ट्रक चालवायचं ठरवलंय. भारतातलं हेवी लायसन्स इथे धरत नाहीत. परदेशी लायसन्सला मान्यता आहे ती फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या. भारतात दहा वर्षं गाडी हाकलेल्यालाही सुरुवातीपासून शिकावं लागतं.

७ फेब्रुवारी २०२२ पासून पहिल्यांदा क्लास ए (ट्रेलर ओढणाऱ्या मोठ्या ट्रकचं) लायसन्स काढणाऱ्याला केंद्र सरकारकडे नोंदलेल्या संस्थेतच प्रशिक्षण घ्यावं लागतं. विषय ठरलेले आहेत, लेखी भागात ८० टक्के गुण लागतात. पण चाक किती तास हातात हवं, याचा किमान आकडा नियमात नाही. विद्यार्थी तयार आहे असं शिक्षकाचं मत झालं की पुरे. म्हणजे एकाने ५० तास गाडी चालवली आणि दुसऱ्याने १५, तरी दोघांच्या नावापुढे नोंद एकच. मला हीच बाब सगळ्यात काळजीची वाटते, आणि कम्युनिटी कॉलेजकडे, म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेजकडे, माझा कल आहे तो यामुळेच.

कम्युनिटी कॉलेजांतले बरेच अभ्यासक्रम १६० तासांच्या आसपास असतात, पूर्णवेळ शिकलं तर साधारण चार-पाच आठवडे. नॉर्थ कॅरोलायनात स्मिथफील्डच्या जॉन्स्टन कम्युनिटी कॉलेजसारख्या ठिकाणी हे शिक्षण वर्षानुवर्षं चालू आहे. स्थानिक रहिवाशाला फी बहुधा कमी पडते. चार आठवड्यांच्या कोर्सला पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी केंद्र सरकारची मदत) मिळत नाही, तिच्या भरवशावर राहू नका. त्याऐवजी जवळच्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये (सरकारी रोजगार केंद्रात) जाऊन सरकारी प्रशिक्षण निधीची चौकशी करा, आणि तीही प्रवेश घेण्याआधी. एकदा फी भरून बसलात की तो निधी मिळणं अवघड होतं. पुष्कळ कॉलेजांत इंग्रजीचे वर्गही असतात. त्यांना कमी लेखू नका. इंग्रजी न येणाऱ्या ड्रायव्हरला २५ जून २०२५ पासून तपासणीत जागच्या जागी गाडीवरून उतरवतात.

कॉलेजची अडचणही खरी आहे. महिनाभर पगार नाही, कधी वेटिंग लिस्ट असते आणि नोकरी आपली आपण शोधायची.

कंपनीच्या शाळेत ही चिंता नसते. स्विफ्ट, सी. आर. इंग्लंड यांसारख्या मोठ्या मालवाहतूक कंपन्या स्वतः शिकवतात आणि नोकरीवर घेतात. अशा शाळांत सुरुवातीला खिशातून फारसं जात नाही, पण त्या बदल्यात बहुतेकदा वर्षभराच्या आसपासचा करार असतो. मध्येच सोडलं तर उरलेली फी तुमच्या डोक्यावर. मग पगार कमी वाटो, घरी कोणी आजारी असो, सोडणं परवडत नाही. म्हणून सहीपूर्वी करार इंग्रजी नीट जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

कॉलेजातून शिकून आलेल्यांची फी कितीतरी कंपन्या नोकरी लागल्यावर महिन्यामहिन्याला परत देतात. नोकरी सोडली तर पुढचे हप्ते थांबतात, पण सहसा अंगावर कर्ज राहत नाही. घर महिनाभर पगाराविना चालत असेल तर मी कॉलेजच सांगेन. चालत नसेल तर कंपनीची शाळा घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

खासगी शाळा लवकर उरकतात, पण अनेकदा कॉलेजपेक्षा महाग पडतात. कॉलेजात जागाच नसेल तरच तिकडे बघा.

कुठेही जा, गाडी गिअरची की ऑटोमॅटिक ते विचारा. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्सवर तशी मर्यादा पडते आणि गिअरचा ट्रक चालवता येत नाही. आणि कामाच्या दिवशी त्यांच्या मैदानावर तासभर उभे राहा. ५३ फुटी ट्रेलर रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, आणि ते हाताने पुन्हा पुन्हा केल्याशिवाय येत नाही. एका ट्रकमागे किती जण पाळीची वाट बघत उभे आहेत, तेवढे मोजून या.