चौदा महिने उदीसोबत: शहरातल्या घरात आफ्रिकन ग्रे पोपट वाढवतानाचा अनुभव

डिसेंबर २०२४ मध्ये उदी आमच्या पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आली, तेव्हा ती पाच महिन्यांची होती, तिचे वजन ४१२ ग्रॅम होते आणि डोळे जवळजवळ काळे दिसत. आज ती एकोणीस महिन्यांची आहे. वजन ४५० ग्रॅमच्या आसपास स्थिरावले आहे आणि या जातीत वयाबरोबर होतो तसा डोळ्यांचा रंग हळूहळू फिकट पिवळा होऊ लागला आहे. अंगाचा रंग देवघरातल्या उदीसारखा म्हणून सासूबाईंनी तिला हे नाव दिले. या चौदा महिन्यांत मला मिळालेले सुख फार मोठे आहे, आणि तरीही ‘आम्हीही घेऊ का?’ असे विचारणाऱ्या बहुतेकांना मी ‘नको’ असेच सांगितले आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते नीट मांडावे म्हणून हे लिहिते आहे.

कागदपत्रांपासून सुरुवात करते, कारण आम्हीही तिथूनच सुरुवात केली. आफ्रिकन ग्रे हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या पावसाळी जंगलांतला पक्षी. पिंजऱ्यांसाठी त्याची इतकी धरपकड झाली की घानासारख्या देशातून तो जवळजवळ नाहीसा झाला. २०१६ साली जोहान्सबर्गला झालेल्या साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या) बैठकीत त्याला पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, टाकण्याचा निर्णय झाला आणि जंगलातून पकडलेल्या पक्ष्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार त्यामुळे बंद झाला. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनी असा पक्षी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावरून नोंदणीचा अर्ज करणे बंधनकारक केले. आम्ही प्रथम ज्या विक्रेत्याकडे गेलो त्याने ‘एवढे कागद कोणी बघत नाही’ असे सांगितले, तेव्हा आम्ही तिथून परत फिरलो. पुढे ज्या पैदासकाराकडून उदीला घेतले त्याच्याकडे परवाना होता, तिच्या पायात सलग कडी होती आणि पिसावरून केलेल्या डीएनए तपासणीचा अहवाल होता. ही कडी पिल्लू काही आठवड्यांचे असतानाच पायात सरकवता येते, त्यामुळे पक्षी माणसाच्या देखरेखीखाली जन्मल्याची ती एक खूण असते. डीएनए तपासणी लागते कारण या जातीत नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. जाता जाता एक गोष्ट सांगते. आपल्या लहानपणी वाड्यावाड्यांतून टांगलेला असे तो हिरवा राघू पाळणे कायद्याने गुन्हा आहे, आणि ग्रे घ्यायला निघालेल्या अनेकांना हे माहीत नसते.

वयाच्या बाबतीत आम्ही घेतलेला निर्णय मला आज सर्वांत योग्य वाटतो. सहा-सात आठवड्यांचे, अंगावर अजून पिसांच्या नळ्या असलेले पिल्लू घ्या, स्वतः हाताने भरवा, म्हणजे ते तुमच्यावर जीव लावेल, असे आम्हाला दोन ठिकाणी सांगण्यात आले. हे खरे नाही आणि धोक्याचे आहे. भरवायची पेज थोडी जास्त गरम झाली तर पिल्लाची अन्नपिशवी आतून भाजते, थंड राहिली तर अन्न तिथेच साचून आंबते आणि सिरिंजचा अंदाज चुकला तर घास श्वासनलिकेत जातो. ज्याने ही कला कोणाच्या हाताखाली शिकलेली नाही त्याने ती जिवंत पिल्लावर शिकू नये. उदी आली तेव्हा ती स्वतःच्या चोचीने पोटभर खात होती, पैदासकाराकडच्या मोठ्या जाळीच्या खोलीत उडायला शिकली होती आणि भावंडांबरोबर वाढली होती. तिचा आमच्यावर जीव बसायला तीन महिने लागले, पण तो बसला.

शहरातल्या घराच्या दृष्टीने सर्वांत अवघड गोष्ट कोणती ठरली असेल, तर ती घरातली हवा. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते आणि शरीरभर पसरलेल्या वायुकोशांमुळे प्रत्येक श्वासातला प्राणवायू ते माणसापेक्षा कितीतरी कार्यक्षमतेने घेतात. त्याच कार्यक्षमतेने ते विषही घेतात. नॉनस्टिक भांडे रिकामे तापले की त्याच्या लेपातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. उदी येण्याआधी आम्ही तवा, कढई आणि सँडविच टोस्टर देऊन टाकले, आणि इस्त्रीच्या तळाला व केस सुकवण्याच्या यंत्राच्या आत कसला लेप आहे तेही तपासले. डासांची कॉइल, खोलीत फवारायचा सुगंध, धूप, कापूर हे सगळे बंद झाले. मिरचीची खमंग फोडणी आता स्वयंपाकघराचे दार लावून आणि पंखा सुरू करूनच होते. उदबत्तीचा प्रश्न मला फार नाजूक वाटत होता, कारण सासूबाईंची चाळीस वर्षांची पूजा तिच्याशिवाय कधी झालेली नव्हती. मी विषय काढण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, “अगं, देवाला फूल वाहिलं तरी पोचतं. तिला त्रास नको.” त्या दिवसापासून उदबत्ती जिन्यातल्या तुळशीपाशी लागते. हे घर एका पक्ष्यासाठी बदलले आणि ते सर्वांनी आपणहून बदलले, म्हणूनच हे निभावले, असे मला मनापासून वाटते.

हवेची दुसरी बाजू म्हणजे तिच्या अंगाची पूड. या जातीच्या पक्ष्यांच्या खालच्या पिसांचे टोक सतत झिजून पांढरी भुकटी होते आणि ती पिसांना जलरोधक ठेवते. टीव्हीच्या काळ्या काचेवर दोन दिवसांत बोटाने नाव लिहिता येईल एवढी ती साचते. घरात दमा असलेले कोणी असेल तर पक्षी घेण्यापूर्वी त्या व्यक्तीने ग्रे असलेल्या घरात चार-सहा वेळा तासन्‌तास बसून पाहावे. आम्ही हेपा गाळणीचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा, हवा शुद्ध करणारा पंखा घेतला. ओझोन किंवा आयन सोडणारे यंत्र मात्र टाळले, कारण ओझोन पक्ष्यांना बाधतो. चौदा महिन्यांत गाळणी दोनदा बदलावी लागली. या यंत्राचा खर्च मला सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो, पण रोजच्या ओल्या फडक्याला पर्याय नाही.

आहाराविषयी मी जे वाचून ठेवले होते त्यातले बरेचसे उपयोगी पडले, पण एका गोष्टीत आम्ही कमी पडलो. सकाळी तिला गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची, चवळीचा किंवा शेवग्याचा पाला आणि मोड आलेले मूग किंवा मटकी देतो. दिवसभर वाटीत पेलेट, म्हणजे पोपटांसाठी तयार मिळणारे खाद्याचे दाणे, असतात. संध्याकाळी डाळिंबाचे दाणे किंवा पेरूची फोड मिळते. सूर्यफुलाच्या बिया फक्त बक्षीस म्हणून, दिवसाला सहा-सात. बिया हेच मुख्य अन्न असलेल्या ग्रे पोपटांना अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडते. हिरवी मिरची ती चवीने खाते. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, त्यामुळे पोपट आणि मिरची ही आपल्याकडची जोडी खरीच आहे. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कॉफी, कांदा, लसूण आणि खारट पदार्थ पूर्ण वर्ज्य आहेत. पाहुण्यांनी प्रेमाने चहात बुडवून पुढे केलेले बिस्कीट थांबवणे हे मला सर्वांत संकोचाचे काम वाटते, तरीही मी ते प्रत्येक वेळी करते.

आम्ही कमी पडलो ते उन्हात. गेल्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर उदीला थेट ऊन जवळजवळ मिळालेच नाही. ती खिडकीजवळ बसते, भरपूर उजेड असतो, एवढ्यावर आम्ही समाधानी होतो. परंतु त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत, आणि ते जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. ग्रे पोपटांमध्ये रक्तातले कॅल्शियम घसरून झटके येण्याचा आजार इतर पोपटांपेक्षा जास्त दिसतो. ऑगस्टच्या शेवटी ती दांडीवर दोनदा अडखळली आणि तिचे पंख बारीक थरथरताना दिसले, म्हणून आम्ही तिला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेले. रक्ततपासणीत कॅल्शियम खालच्या मर्यादेला टेकलेले निघाले. डॉक्टरांनी मोजून औषध दिले, पक्ष्यांसाठीचा अतिनील दिवा ठरावीक अंतरावर रोज काही तास लावायला सांगितले आणि बाजारातली ड जीवनसत्त्वाची थेंबबाटली आपल्या मनाने देऊ नका, अतिरेकाने मूत्रपिंडे जातात, असे बजावले. सहा आठवड्यांनी तपासणी चांगली आली. हा दिवा आम्ही पहिल्याच महिन्यात घ्यायला हवा होता. दिव्याचा प्रकाश दिसत राहिला तरी त्यातले अतिनील किरण काळाने कमी होतात, म्हणून तो वर्षभराने बदलण्याची तारीख मी दिनदर्शिकेवर लिहून ठेवली आहे.

पिंजरा ३६ इंच रुंद, २४ इंच खोल आणि पाच फूट उंच आहे, गजांमधले अंतर पाऊण इंच. स्वस्त जस्तलेपित पिंजरा आम्ही घेतला नाही, कारण चोचीने खरवडलेले जस्त पोटात जाऊन विषबाधा होते. पिंजऱ्याबरोबर आलेल्या गुळगुळीत एकसारख्या दांड्या काढून पेरूच्या आणि जांभळाच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या बसवल्या. बाल्कनीला सगळ्यांसारखी कबुतरांची नायलॉनची जाळी होती, तिचा एक चौकोन उदीने अक्षरशः दोन मिनिटांत कुरतडला. तेव्हापासून तिथे पोलादी जाळी आहे. पंख कापण्याचा सल्ला अनेकांनी दिला, आम्ही तो मानला नाही. ग्रे मुळातच अंगाने जड आणि उतरताना अवघडलेले असतात. पंख कापलेले पिल्लू छातीवर पडते आणि घाबरट होते. त्याऐवजी ती बाहेर असताना छताचा पंखा बंद राहतो आणि दारे लावलेली असतात. चारशे रुपयांचा स्वयंपाकघरातला वजनकाटा मात्र प्रत्येकाने घ्यावा. पक्षी आजार लपवतात, पिसे फुलवून बसेपर्यंत वेळ गेलेली असते, पण रोज सकाळी खाण्यापूर्वी घेतलेले वजन खोटे बोलत नाही.

दिवाळीच्या दुसऱ्या रात्री अकरा वाजता खालच्या रस्त्यावर फटाक्यांची माळ लागली आणि त्याच क्षणी वीज गेली. अंधारात उदी पिंजऱ्यात धडपडली आणि तिच्या पंखातले वाढते, रक्त असलेले पीस मोडले. आवाजापेक्षा अंधारातला आवाज तिला सहन होत नाही, हे त्या रात्री कळले. कॉर्नफ्लोअर दाबून धरून रक्त थांबवले, मी आणि माझे पती पहाटेपर्यंत तिच्याजवळ बसलो आणि सकाळी डॉक्टरांकडे गेलो. आता तिच्या खोलीत बॅटरीवर चालणारा मंद दिवा रात्रभर असतो, आणि गणपती-दिवाळीच्या दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत हलतो.

तिच्या मनाविषयी लिहायचे तर हा सर्वांत मोठा भाग आहे. आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन संशोधिकेने १९७७ साली शिकागोतल्या एका दुकानातून घेतलेल्या ॲलेक्स नावाच्या ग्रेबरोबर तीस वर्षे काम केले. तो रंग, आकार आणि संख्या शब्दांनी ओळखत असे. आपल्या घरातही तेवढीच बुद्धी वाढते आहे आणि तिला दिवसभर काम लागते, हे मात्र मला जगूनच समजले. नवीन वस्तूची तिला धास्ती वाटते. लाल बादली पाहून ती दोन दिवस जेवली नव्हती. म्हणून प्रत्येक नवे खेळणे आम्ही आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवतो आणि रोज हातभर जवळ आणतो. ऑगस्टपासून मला आठवड्यातले तीन दिवस कार्यालयात जावे लागू लागले, तेव्हा तीन आठवड्यांत तिने छातीवरची पिसे कुरतडायला सुरुवात केली. ते पाहणे मला फार जड गेले. डॉक्टरांनी त्वचेचा आजार नसल्याची खात्री केली. मग आम्ही तिचे अन्न कागदाच्या पुड्यांत, नारळाच्या करवंट्यांत आणि मक्याच्या सालींत लपवायला लागलो, झोप रोज अकरा तास पक्की केली आणि सासूबाईंनी दुपारचे दोन तास तिच्या खोलीत पोथी वाचायला सुरुवात केली. नवी पिसे आली आहेत, पण छातीवर रुपयाएवढी जागा अजून विरळ आहे.

बोलणे दहाव्या महिन्यानंतर सुरू झाले. आधी कुकरची शिटी, मग लिफ्टचे दार, मग सासूबाईंचा खोकला. पोपट हवा म्हणजे बोलणारा हवा, एवढ्यासाठी कोणी हा पक्षी घेऊ नये, कारण काही ग्रे फार थोडे बोलतात. उदीचे शब्द तेरा-चौदा आहेत आणि ती ते वेळ पाहून वापरते. सकाळी “चहा झाला?” आणि मी खांद्याला पिशवी लावली की “येते हं.” मी हे तिला शिकवलेले नाही. घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचे नाही, ‘येते’ म्हणायचे, ही आपल्या घरांतली रीत तिने नुसती ऐकून उचलली.

महिन्याचा खर्च डॉक्टर धरून तीन हजारांच्या आसपास येतो, रोजचा वेळ चार तासांचा आहे आणि आमच्या घरापासून पक्ष्यांचे डॉक्टर तासाभराच्या अंतरावर आहेत. चौदा महिन्यांत आम्ही दोघे एकत्र कुठेही मुक्कामी गेलेलो नाही. वयात येईल तेव्हा, म्हणजे तीन ते पाच वर्षांची असताना, तिचा स्वभाव पुन्हा बदलेल, त्याची तयारी ठेवली आहे. नीट सांभाळलेले ग्रे चाळीस-पन्नास वर्षे जगतात आणि मी आज सेहेचाळीस वर्षांची आहे. म्हणून माझी एकोणीस वर्षांची भाची गेले सहा महिने दर रविवारी येते, वजन घेते, पाला निवडते, पुड्या बांधते. मागच्या रविवारी उदी पहिल्यांदा आपणहून तिच्या मनगटावर जाऊन बसली. ती निघताना पिंजऱ्यातून आवाज आला, “येते हं,” आणि भाचीने दारातूनच उत्तर दिले, “ये गं.”