प्रौढ स्वमग्न व्यक्तींसाठीची कार्यशाळा : दोन वर्षांचा अनुभव

माझा मोठा भाऊ स्वमग्न (ऑटिझम असलेला) असून आता ४१ वर्षांचा आहे. पुण्यातील ज्या कार्यशाळेत तो दोन वर्षांपासून जातो, तिच्याविषयी हे लिहीत आहे. वेळ सकाळी १० ते दुपारी ४, शुल्क महिना ४,५०० रुपये. कामे म्हणजे कागदी पिशव्या करणे, पणत्या रंगवणे आणि भाजणीची पाकिटे भरणे.

दादाच्या लहानपणी त्याला सरसकट ‘मतिमंद’ म्हटले गेले. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या कायद्यात तो आला, तोवर दादाने तिशी ओलांडली होती. त्याला घेऊन कुठल्याही उपचार केंद्रात गेलो, तरी समोर चार-पाच वर्षांच्या मुलांची खेळणीच मांडलेली असत. इथे तसे नाही. पूर्वी मिक्सरचा आवाज निमूट सोसणारा दादा आता कान झाकून घेतो आणि जेवणानंतर थकतो, हे पाहून त्याला शांत खोलीत अर्धा तास पडू देतात. रोजच्या ६० पिशव्यांच्या ३५ केल्या, तेही गाजावाजा न करता.

गेल्या पावसाळ्यात डब्यातली भाकरी तशीच परत येऊ लागली. दुखणे दादाला सांगता येत नाही, त्यामुळे आम्ही तो हट्ट समजून रागावलो. प्रशिक्षक ताईंनी मात्र तो वरणभात खातो, भाकरी बाजूला सारतो आणि घास फक्त डाव्या बाजूने चावतो, हे तीन दिवस वहीत टिपून आम्हाला दाखवले. उजवी दाढ किडली होती.

तक्रारीही आहेत. केस पिकलेल्या माणसांना ‘मुलांनो, रांगेत या’ म्हणणे कानाला खटकते. प्रवेश-अर्जावर आईवडिलांचीच सही चालते. वास्तविक अशी व्यक्ती १८ वर्षांची झाली की, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्थानिक स्तर समितीकडे (जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती) अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावे लागते, आणि ते भावंडांकडेही येऊ शकते. आई गेल्यावर ही माहिती मला कार्यशाळेतून नव्हे, दुसऱ्या एका पालकाकडून मिळाली.

सर्वांत मोठी उणीव म्हणजे ४५ व्या वर्षी इथे येणे बंद होते. पुढे काय, असे विचारले असता ‘तेव्हाचे तेव्हा पाहू’ एवढेच उत्तर मिळाले. आपली व्यक्ती पस्तिशीच्या आत असेल तर निःशंक जावे. त्यापुढची असेल तर शुल्क भरण्यापूर्वी हा प्रश्न लेखी विचारावा.