फिरत्या कातार्‍याचे कार्ने: तीन दौर्‍यांनंतरचा अभिप्राय

परदेशात कातकाम, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून वस्तू घडवण्याचे काम, शिकवायला किंवा मांडायला निघालेल्या मंडळींकडून मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न कस्टम्सचा असतो. हत्यारे आणि तयार वस्तू घेऊन जायचे, महिनाभराने त्याच वस्तू परत आणायच्या, मग जाताना तिथे आणि येताना इथे आयात शुल्काची टांगती तलवार का सोसायची? यावरचा अधिकृत उपाय म्हणजे एटीए कार्ने. इंग्लंडचे दोन आणि फ्रान्सला जोडून केलेला एक, असे तीन दौरे मी या कागदावर केले. हा अभिप्राय त्या सेवेविषयी आहे आणि ओघाने, ती मिळवून देणार्‍या एजंटांविषयीही आहे.

कार्ने म्हणजे मालाचा पासपोर्ट, असे समजायला हरकत नाही. 1961 च्या ब्रसेल्स करारातून ही पद्धत आली आणि भारतात ते देण्याचा अधिकार एकट्या फिक्की या उद्योग-व्यापार महासंघाकडे आहे. हिरव्या मुखपृष्ठाच्या आत पिवळी आणि पांढरी पाने असतात: पिवळी आपल्या देशातून माल बाहेर नेताना व परत आणताना, पांढरी परक्या देशात आत नेताना व तिथून बाहेर काढताना. मालाच्या किमतीनुसार कार्नेची फी भरायची, वर सुरक्षा म्हणून बँक हमी किंवा ठेव द्यायची. मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची. एखादा शिक्का राहिला तर तिकडचे कस्टम्स माल तिथेच विकला गेला असे धरून शुल्क मागते आणि ती मागणी फिरत फिरत आपल्या ठेवीपर्यंत येते.

खरी मेहनत कार्नेसोबतच्या वस्तूंच्या यादीची आहे. कार्ने एकदा निघाले की यादीत नवी वस्तू घालता येत नाही, म्हणून दौर्‍याच्या दोन महिने आधीच कोणती वाटी जाणार आणि कोणती घरी राहणार हे ठरवावे लागते. कलाकाराला हे जमणे अवघड असते, कारण सर्वांत चांगला नग नेहमी निघायच्या आदल्या आठवड्यात लेथवरून उतरतो. मी प्रत्येक वस्तूच्या तळाला क्रमांक कोरते आणि यादीत 'कातीव वाटी, सागवान, व्यास 210 मिमी, वजन 480 ग्रॅम' अशी ओळ लिहिते. सावंतवाडीच्या चितारआळीत लाखकाम शिकलेली असल्यामुळे माझ्या सामानात कुंकवाचे करंडे असतातच. पहिल्या दौर्‍यात मुंबई विमानतळावर एका अधिकार्‍याने त्यातला एक उचलला, झाकण फिरवून काढले, एका हातात करंडा आणि दुसर्‍या हातात झाकण धरून विचारले, "हा नग एक की दोन?" यादीत मी 'करंडा' एवढेच लिहिले होते. मागे रांग वाढत होती आणि साहेब झाकणाच्या कडेवरची लाखेची लाल रेघ निरखत होते. शेवटी एकच धरला. तेव्हापासून मी 'झाकणासह, एक नग' असे लिहिते, आणि कोणीही तसेच लिहावे.

कार्नेची दुसरी मर्यादा आमच्या धंद्याच्या मुळावरच येते. जे तिथे वापरून संपणार आहे ते कार्नेवर नेता येत नाही. सँडपेपर आणि डिंक समजू शकते, पण प्रात्यक्षिकाचे लाकूडही त्यातच मोडते. ठोकळा नेला आणि तासाभरात त्याची वाटी कातली, तर निम्म्याहून अधिक लाकूड कीस होऊन जमिनीवर पडते, आणि तो कीस गोळा करून कोणी परत आणणार नाही. त्यामुळे हत्यारे, चक (लेथवर लाकूड पकडणारा भाग) आणि तयार वस्तू कार्नेवर न्याव्यात आणि कातायचे लाकूड तिथलेच मागावे. इंग्लंडमधली कातकामाची मंडळे अ‍ॅश किंवा सिकॅमोर या झाडांचे ओले ठोकळे आनंदाने देतात. ओले लाकूड कातताना पाण्याचे तुषार तोंडावर येतात आणि कीस लांब फितीसारखा निघतो. वाळलेल्या सागावर हात बसलेल्या माणसाला पहिली दहा मिनिटे ते परके वाटते, म्हणून प्रेक्षक येण्याआधी एक ठोकळा कातून पाहावा.

शिसवी नेण्याचा मोह मात्र टाळावा. शिसव ज्यात मोडतो त्या दाल्बर्जिया प्रजातीतली जवळजवळ सगळी झाडे 2 जानेवारी 2017 पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहेत. तयार वस्तूंना एका खेपेत 10 किलोपर्यंत सूट आहे, पण कच्च्या ठोकळ्याला नाही, आणि कार्ने हातात असले म्हणून साइट्सचे नियम माफ होत नाहीत. हा गैरसमज मला अनुभवी लोकांतही आढळला आहे. आंबा, फणस, साग, पांगारा यांच्यावर भागते.

आता एजंटाबद्दल. पहिल्या दोन दौर्‍यांना मी अर्ज स्वतः भरला. तिसर्‍या वेळी इंग्लंडनंतर फ्रान्सला जायचे होते म्हणून मुंबईतल्या एका एजंटाला काम दिले. अर्जाची भाषा, किमतींचा हिशेब, बँकेचे कागद, हे सगळे त्याने चोख केले. पण 1 जानेवारी 2021 पासून ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात कस्टम्सची वेस उभी आहे, हे त्याच्या लक्षात नव्हते. पांढर्‍या पानांची एकच जोडी निघाली, ती इंग्लंडमध्येच संपली. मुख्य प्रदर्शनाची पेटी मला इंग्लंडमधल्या एका यजमानांच्या गॅरेजमध्ये ठेवून फ्रान्सला रिकाम्या हातांनी जावे लागले. तिथे मी तीन दिवस दुसर्‍यांच्या हत्यारांवर शिकवले आणि स्वतःची मांडणी केलीच नाही. एजंटाचे म्हणणे, मी दोन देश सांगितले होते, दोन वेगळे प्रवेश सांगितले नव्हते. प्रत्येक प्रवेशाला पांढर्‍या पानांची वेगळी जोडी लागते, ती अर्जातच मागावी लागते, आणि हे ग्राहकाला विचारण्यासाठीच तर एजंटाला पैसे द्यायचे असतात. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण नंतर त्याने अर्धी फी परत केली.

पेटी बांधण्याचे काम एजंटाकडे देऊच नये. साध्या लाकडाच्या खोक्याला आयएसपीएम 15 या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रक्रिया लागते, म्हणजे गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटे, आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का. प्लायवूडच्या पेटीला ही अट नाही, म्हणून मी प्लायवूडचीच बांधते. कोकणातल्या दमट हवेत मुरलेली वाटी तिकडच्या गरम केलेल्या हॉलमध्ये चार दिवसांत अंडाकृती होते. एका करंड्याचे झाकण असे अडकले की प्रेक्षकांसमोर ते उघडेना आणि मला हसून दुसरा करंडा पुढे करावा लागला. आता प्रत्येक वस्तू कागदाच्या दुहेरी पिशवीत घालून मी निघण्याआधी महिनाभर कोरड्या खोलीत ठेवते.

विक्रीचा प्रश्न राहतो. तिकडच्या मंडळांच्या संध्याकाळी प्रात्यक्षिकानंतर चहा होतो, रॅफल, म्हणजे बक्षिसांची सोडत, निघते आणि कोणीतरी हमखास वाटी हातात घेऊन किंमत विचारते. कार्नेवरची वस्तू परत यायलाच हवी, म्हणून नाही म्हणावे लागते, आणि ते जड जाते. विकायच्या असतील त्या वस्तू वेगळ्या खेपेने, शुल्क भरून पाठवाव्यात. पाच-दहा छोटे नग आणि एकच देश एवढाच दौरा असेल तर कार्नेच्या ठेवीत पैसे अडकवणे मला महाग वाटते. हत्यारांचा पूर्ण संच, तीस-चाळीस वस्तू आणि दोन किंवा अधिक देश असतील तर मात्र ते घ्यावेच.

परतताना एक काळजी घ्यावी. मुंबईत पहाटे तीनला उतरल्यावर सामान घेऊन थेट बाहेर पडावेसे वाटते, पण पिवळ्या पानावर परतीचा शिक्का घेतल्याशिवाय कस्टम्सचा लाल मार्ग सोडू नये. तो शिक्का आणि वापरलेले कार्ने फिक्कीकडे जमा झाल्याशिवाय ठेव सुटत नाही. माझी तिसर्‍या दौर्‍याची ठेव अजून सुटायची आहे.