सिटी व्हीटेक घ्यावी की पॅलिओ एस-टेन?

जुनी, जोरदार पळणारी गाडी हौसेनं घ्यायची आणि पुढेमागे तिची किंमत वाढली तर हवीच, असा विचार असेल तर ही दोन नावं शेजारी ठेवून पाहा. पहिली २००० साली आलेली होंडा सिटी व्हीटेक, दीड लिटरचं, १०६ बीएचपी ताकदीचं इंजिन. दुसरी फियाट पॅलिओ १.६ एस-टेन, सुमारे १०० बीएचपी. सचिन तेंडुलकरच्या नावानं काढलेल्या या गाड्या होत्या फक्त ५००.

दुर्मीळ म्हणाल तर एस-टेनच. तरी पैसे माझे असते तर मी सिटी घेतली असती.

गाडी कमी संख्येत निघाली म्हणून तिला गिऱ्हाईक मिळतंच असं नाही. २०१६ साली फोक्सवॅगननं भारतात पोलो जीटीआय आणली. १८९ बीएचपी, गाड्या फक्त ९९, किंमत २६ लाखांच्या आसपास. पुढच्याच वर्षी ती जवळपास ६ लाखांनी उतरवावी लागली. सिटी व्हीटेक मात्र तेव्हा रस्त्यावर सर्रास दिसायची. आज तिला भाव आहे तो व्हीटेक इंजिनमुळे. आरपीएम वर चढला की आवाज बदलतो आणि गाडी पुन्हा नव्यानं ओढायला लागते. हे ज्यांनी कॉलेजच्या वयात मित्राच्या शेजारी बसून अनुभवलं, त्यांच्या हातात आता पैसा आला आहे. रॅलीतही ती पळाली, आणि नाशिककरांना रॅलीचं वेड वेगळं सांगायला नको.

पॅलिओ कमी नाही. स्टिअरिंगचं वजन, दणकट बॉडी, कसाऱ्याच्या वळणांवर रस्ता धरून ठेवणं, यात ती सिटीला मागे टाकते. पेट्रोल मात्र भरपूर पिते. पण हे सगळे गुण पॅलिओच्याच साध्या १.६ जीटीएक्स मॉडेलमध्येही आहेत. एस-टेनचं वेगळेपण स्टिकर, बॅज आणि कागदांत. ते मूळचे नसतील तर जादा पैसे कशाचे मोजायचे?

पार्टचं म्हणाल तर होंडाचं किरकोळ सामान अजून मिळतं. फियाटनं इथला गाड्यांचा धंदा आवरला, त्यामुळे हेडलॅम्प किंवा डॅशबोर्डच्या तुकड्यासाठीही भंगारातली दुसरी पॅलिओ शोधावी लागते. दोन्ही गाड्या ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या आधीच्या काळातल्या, तेव्हा इंधनाचे रबरी पाइप आधी बदलून घ्या.

कागदांचा खर्च दोन्हींना सारखाच. २० वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क २०२५ पासून १०,००० रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. ‘विंटेज’ नोंदणी ५० वर्षांनंतरच, म्हणजे २००२ च्या गाडीला ती २०५२ पर्यंत नाही.

मुंबईची गाडी स्वस्त मिळाली तरी आधी लिफ्टवर चढवा. मागच्या चाकांच्या कमानी, फ्लोअर, स्ट्रटच्या (शॉक-अ‍ॅब्सॉर्बरच्या) बैठका नीट बघा. खाऱ्या हवेत तिथंच गंज धरतो, आणि वरून मारलेला ताजा काळा अंडरकोट (गाडीच्या पोटाला देतात तो थर) दिसला की संशय घ्यायचाच. त्यामानानं नाशिकच्या कोरड्या हवेत पहिल्या मालकाकडे राहिलेली एमएच-१५ ची सिटी सापडली तर जरा जास्त पैसे द्या. टोकन देण्याआधी आरसीवरचा इंजिन नंबर प्रत्यक्ष इंजिनवर वाचून घ्या. बदललेल्या इंजिनची नोंद आरसीवर नसेल तर तो व्यवहार सोडा.

एस-टेन घ्याच, पण ५०० पैकीच एक असल्याचे मूळ कागद हातात आले आणि घरी रोजची दुसरी गाडी असेल तरच.