वैमानिक मार्गदर्शन केंद्र, सात रस्ता, सोलापूर : माहिती चोख, पगाराबाबत मात्र हात आखडता

मुलीसाठी ५०० रुपये शुल्क भरून आम्ही या केंद्रात दीड तास बसलो. व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तासांचे उड्डाण आणि वर्ग १ ची वैद्यकीय तपासणी त्यांनी उत्तम समजावून सांगितली. मात्र नोकरी लागल्यावरही प्रशिक्षक कॅप्टनसोबतची उड्डाणे पूर्ण होईपर्यंत अनेक कंपन्या पूर्ण पगाराऐवजी केवळ विद्यावेतन देतात, शिवाय काही वर्षांचा बाँड लिहून घेतात, हे मुलीने खोदून विचारल्यावरच बाहेर आले. तेव्हा समुपदेशकांनी चकचकीत माहितीपत्रकावरील पगाराच्या ठळक आकड्याखालची बारीक ओळ बोटाने दाखवली. ती वाचण्यासाठी मला चष्मा शोधावा लागला. (होटगी रस्त्यावरील विमानतळावरून उडणारे विमान पाहून हुरळून गेलेल्या माझ्यासारख्या पालकांनी चष्मा बरोबरच न्यावा.) विद्यावेतनाच्या त्या काळात प्रशिक्षणाच्या कर्जाचा हप्ता कसा फेडायचा, यावर त्यांनी चहा मागवला.