जुन्या विनोदी नटांची नवी कामे: कोणत्या ओटीटीची वर्गणी भरावी?

ओटीटीची वर्गणी भरताना बहुतेक घरांत क्रिकेट आणि नवे चित्रपट यांचाच विचार आधी होतो. या परीक्षणात मी वेगळा निकष लावला आहे: दूरदर्शनच्या आणि पहिल्या खासगी वाहिन्यांच्या काळात ज्यांनी आपल्याला हसवले, त्या नटनट्यांना उतारवयात मिळालेल्या नव्या भूमिका कोणत्या सेवेवर आहेत आणि त्या पैसे मोजून पाहाव्यात अशा आहेत का. कोकणातील कितीतरी घरांत आता आईवडीलच राहतात, मुले मुंबई-पुण्याहून वर्गणी भरतात आणि रिमोट वडीलधाऱ्यांच्या हाती असतो. त्यामुळे हा निकष वाटतो तितका हौशी नाही.

या कसोटीवर झी५ सर्वांत वर ठरते आणि त्याचे कारण दिलीप प्रभावळकर. मुंबई दूरदर्शनवरचा त्यांचा चिमणराव एका पिढीला आठवतो, तर २००१ मध्ये अल्फा मराठीवर (आताची झी मराठी) सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा पुढच्या पिढीला. ही मालिका त्यांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनावर बेतलेली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या, सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’मध्ये त्यांनी वयाच्या ८१ व्या वर्षी बाबुली मेस्त्री हा दृष्टी अधू होत चाललेला, दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यातला कलावंत उभा केला. प्रभावळकरांचे काम कधी थांबलेलेच नव्हते, तेव्हा याला पुनरागमन म्हणता येणार नाही. पण ज्येष्ठ नटाला आजोबांच्या खुर्चीत बसवून दोन सुविचार बोलायला लावायची जी रीत पडली आहे, ती या भूमिकेने मोडली. चित्रपटाचा सगळा भार त्या एका वृद्ध देहावर आहे.

सिंधुदुर्गात हा चित्रपट पाहणारा प्रेक्षक सहजासहजी मान डोलावणारा नव्हे. कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रांत रात्रभर दशावतार पाहत वाढलेल्या माणसाला ठाऊक असते की नट आपली रंगभूषा स्वतःच करतो, आख्यानातील, म्हणजे मुख्य पौराणिक कथेतील, संवाद लिहिलेले नसून रंगमंचावर सुचतील तसे बोलले जातात, आणि आडदशावतारातला, म्हणजे आख्यानाआधीच्या भागातला, संकासुर हा राक्षस हशा मिळवतो तो निव्वळ वेळ साधण्याच्या हिकमतीवर. प्रभावळकरांकडे हीच हिकमत आहे. चिमणरावाच्या भांबावलेपणात जो नेमका विराम असे, तोच ते बाबुलीच्या थकव्यासाठी वापरतात आणि वाक्य संपण्याआधीच पुढचे कळते. मालवणी हेल एखाद्या ठिकाणी निसटतो, हे कुडाळ-वेंगुर्ल्याकडचा कान लगेच टिपेल. उत्तरार्धात कथा सूडाच्या वाटेला लागल्यावर पार्श्वसंगीत आणि देखावे नटाला झाकू लागतात, ही माझी मुख्य तक्रार आहे. तरीही आबा आणि बाबुली एकाच वर्गणीत पाहायला मिळणे ही मोठी सोय आहे. आधी टिपरेंचे दोन-चार भाग पाहावेत आणि मग चित्रपट लावावा, म्हणजे अंतर कळते.

सोनी लिव्हवरील ‘वागले की दुनिया’ची गोष्ट निराळी आहे. १९८८ मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसावर आधारलेल्या मालिकेत अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हे वागले दांपत्य होते. २०२१ च्या नव्या मालिकेत तेच दोघे त्याच नावांनी सासूसासरे, आजीआजोबा होऊन आले आणि संसाराची सूत्रे सुमीत राघवन यांच्या राजेशकडे गेली. पात्राला नटाबरोबर म्हातारे होऊ देण्याची ही कल्पना मला फार आवडली. मात्र रोजच्या मालिकेचे गणित तिला पेलले नाही: हजाराहून अधिक भाग झाले, त्यांतल्या अनेकांत शेवटी कुणीतरी कुणाला तरी शहाणपण शिकवते, आणि ज्येष्ठ जोडी कित्येकदा सोफ्यावर बसून ते ऐकत राहते. त्यातही आचरेकरांचा एखादा तिरकस कटाक्ष सारा प्रसंग उचलून धरतो. २०१३ च्या ‘द लंचबॉक्स’मध्ये वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटीचा फक्त आवाज त्यांचा होता, चेहरा एकदाही दिसला नाही, तरी ती बाई डोळ्यांसमोर उभी राहिली. अशा अभिनेत्रीला एखादी पूर्ण भूमिका कुणी लिहीत का नाही, हे कोडेच आहे.

जिओहॉटस्टारवर ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’चे मूळ भाग आणि २०१७ चे नवे पर्व, दोन्ही आहेत. नव्या पर्वात तीच पात्रे आणि त्याच लकबी दिसतात. त्यातले सतीश शाह २०२५ मध्ये गेल्यानंतर ते भाग पाहताना मन हळवे होते, पण मन हळवे झाले म्हणून लेखन चांगले ठरत नाही. याच संचातल्या रुपाली गांगुली यांना २०२० च्या ‘अनुपमा’ मालिकेने जे दिले ते अधिक मोलाचे, कारण साराभाईंच्या गबाळ्या, हसऱ्या मोनिशाचा तिथे मागमूसही उरला नाही. शाह यांच्याबरोबर १९८४ च्या ‘ये जो है जिंदगी’मध्ये असलेले शफी इनामदार मूळचे दापोलीकडचे. ते १९९६ मध्येच गेले, त्यामुळे ओटीटीच्या काळातले त्यांचे म्हातारपण पाहणे आपल्या नशिबी नव्हते. ‘हम पांच’मध्ये पाच मुलींचा बाप झालेले अशोक सराफ ‘अशोक मा.मा.’ या मराठी मालिकेतून २०२४ मध्ये पुन्हा छोट्या पडद्यावर आले. त्यांची शिस्तप्रिय चिकूगिरी पाहण्यासारखी आहे, भोवतालची मालिका मात्र बेताची.

प्राइम व्हिडिओवर या निकषात बसणारे एकच काम मी धरतो. ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’वाले रघुवीर यादव ‘पंचायत’ या मालिकेत प्रधानपती, म्हणजे सरपंचबाईंचे नवरे, झाले आहेत. बायको निवडून आली आहे आणि कारभार आपण करतो आहोत याचे त्या माणसाला जराही वावगे वाटत नाही, हे ते आवाज न चढवता दाखवतात. तेवढ्यासाठी एक महिना पुरतो.

सेवा म्हणून या सगळ्यांत उणिवा आहेत. एका सेवेवर नटाचे नाव देवनागरीत टाकल्यावर भलत्याच गोष्टी समोर आल्या. दुसरीवर जुन्या मालिकेच्या भागांचा क्रम विस्कटलेला होता. पहिल्या पडद्यावर नव्याचीच जाहिरात असल्यामुळे सत्तरीच्या माणसाला टिपरे सापडायचे तर कुणीतरी ते आधी ‘वॉचलिस्ट’मध्ये घालून द्यावे लागतात. मराठी कामांना मराठी उपशीर्षके हवीत, कारण ऐकू कमी येणारा प्रेक्षक याच वयाचा असतो. पावसाळ्यात वाडीत वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची असल्याने भाग आधीच फोनवर उतरवून ठेवावेत, आणि जमेल तिथे वर्षाची वर्गणी न भरता महिन्याचीच घ्यावी: पहिला महिना झी५, मग सोनी लिव्ह, आणि ‘पंचायत’ पाहिली नसेल तरच प्राइम.